बी.एड.ची फी आणि वाट बघण्याचा खर्च

बी.एड.च्या सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले की मला फोन येऊ लागतात. कुणाची पदवी नुकतीच हातात आलेली असते, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत उमेदीची वर्षं घालवून थकलेलं असतं, कुणाचं लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलेलं असतं. विचारणं सगळ्यांचं सारखंच. "मॅडम, बी.एड. करू का? खर्च किती येईल? आणि लागलंच कुठे, तर पगार किती?" मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय माझ्याच्याने उत्तर देववत नाही. फोनवर दहा मिनिटांत ते सगळं सांगून होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी फीचं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयांत फी काही हजारांत आटोपते, पण तिथल्या जागा मोजक्या. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती कॉलेजागणिक बदलते. घरी बसून हिशेब करायचा तर दोन वर्षांचे मिळून मी एक लाख धरते. सीईटी देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तर महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करता येतो. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पात्र घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शासन भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हे दार बंद होतं, हे प्रवेशाच्या घाईत अनेकांच्या लक्षातच येत नाही. वरखर्च वेगळा: गणवेशाची साडी, फायली, तक्ते, प्रतिकृती, सराव पाठाच्या शाळेपर्यंतचं एसटीचं भाडं. हे पैसे सुटे सुटे जातात म्हणून जाणवत नाहीत, पण जातात.

एक प्रकार मात्र फीच्या तक्त्यात कुठेच छापलेला नसतो, तो म्हणजे 'नॉन-अटेंडिंग'. थोडे जास्त पैसे भरा, परीक्षेला या, हजेरी आम्ही बघतो. नोकरी करत करत पदवी मिळते म्हणून माणसाला ते सोयीचं वाटतं. माझ्या मते बी.एड. करण्याची याहून महागडी रीत नाही. कारण या पदवीत विकत घेण्यासारखी जी एकच गोष्ट असते, तीच त्यात मिळत नाही.

ती कोणती, ते सांगते. बी.एड.च्या पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. आपल्याच बरोबरीचे पाच-दहा जण विद्यार्थी होऊन समोर बसतात आणि आपण सहा मिनिटं शिकवायचं, तेही एकच कौशल्य डोळ्यासमोर ठेवून. कधी फलक लेखन, कधी प्रश्न विचारणं, कधी चेतक बदल, म्हणजे आवाज, हालचाल, थांबणं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचा आणि पुन्हा ऐकून घ्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो, प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघता स्वतःच उत्तर देतो, हे दुसऱ्या कुणी दाखवून दिल्याशिवाय जन्मभर कळत नाही.

मग सराव पाठ. आमच्या गटातल्या एका मुलीचा सहावीवर पाठ होता, पूर्णांक संख्या. तिने टाचण सुरेख काढलं होतं, तापमापीचा तक्ता केला होता. उणे तीन आणि उणे आठ यांत मोठी संख्या कोणती, असं तिने विचारलं. खिडकीजवळच्या एका मुलाने ठामपणे सांगितलं, "उणे आठ." ती "चूक" म्हणाली आणि पुढच्याला उभं केलं. पुढच्याचं बरोबर आलं, पाठ वेळेत संपला. मागे बसलेल्या आमच्या मार्गदर्शक सरांनी निरीक्षण वहीत तिच्या तक्त्याबद्दल एक ओळ लिहिली आणि त्याखाली लिहिलं: मुलगा उणे आठ का म्हणाला, ते विचारायला हवं होतं. पाठ संपल्यावर सर त्या मुलाजवळ गेले, आम्हालाही बोलावलं, आणि त्याला शांतपणे विचारलं. तो म्हणाला, "सर, आठ हजारांचं कर्ज तीन हजारांच्या कर्जापेक्षा मोठंच असतं की." वर्गात शेतकऱ्यांचीच मुलं होती. त्याचं म्हणणं कर्जाच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. कर्ज मोठं असलं की हातातली संख्या लहान होते, एवढीच एक पायरी त्याला हवी होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या उदाहरणातच होती. मी आजही पूर्णांक संख्या कर्जापासूनच सुरू करते. दोन वर्षांच्या फीतला मोठा हिस्सा मला त्या एका दुपारी वसूल झाला असं मी मानते. नॉन-अटेंडिंगवाल्याला ती दुपार मिळत नाही, आणि ती पुढे त्याच्या वर्गातल्या मुलांनाही मिळत नाही.

म्हणजे पदवीचं मोल मला मान्यच आहे. माझी तक्रार आहे ती पदवी आणि पगार यांच्यामधल्या काळाबद्दल. खरा खर्च तिथे होतो, आणि कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात तो लिहिलेला नसतो.

पूर्वी बी.एड. एक वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. इंटर्नशिपला पुरेसे आठवडे मिळाले, हे चांगलंच झालं. पण कमाईशिवायचं आणखी एक वर्ष घरच्यांच्या अंगावर आलं. त्याआधी २ मे २०१२ रोजी राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली होती. शिक्षण हक्क कायद्यामुळे पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची झाली आणि राज्यातली पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठीच्या पवित्र पोर्टलचा निर्णय झाला आणि त्याच डिसेंबरात भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली, जिला सगळे 'टेट' म्हणतात. तिच्या गुणांवर निवड यादी लागली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पुढची टेट थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिची यादी २०२४ मध्ये. त्यानंतरची टेट २०२५ मध्ये.

या तारखा नुसत्या वाचून काही वाटत नाही. त्यात एक माणूस उभा करून बघा. २०१६ मध्ये एका मुलीने बी.एड.ला प्रवेश घेतला. २०१८ मध्ये ती पास झाली. तोवर २०१७ ची टेट होऊन गेली होती. तिला पहिली संधी मिळाली २०२३ मध्ये. समजा ती हुशार, पहिल्याच फटक्यात निवडली गेली. २०२४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. शिक्षणसेवकाची तीन वर्षं नुसत्या मानधनावर, म्हणजे पूर्ण पगार २०२७ मध्ये. प्रवेशापासून पहिल्या पूर्ण पगारापर्यंत अकरा वर्षं, आणि ही जिचं सगळं सुरळीत झालं तिची गोष्ट आहे.

आता पैशांत मांडू. पदवी झाल्यावर ती तालुक्याच्या गावात एखाद्या पतसंस्थेत किंवा दुकानात लागली असती तर सुरुवातीला बारा हजार मिळाले असते असं धरू. बी.एड.च्या दोन वर्षांत ते बुडाले: २ लाख ८८ हजार. फीच्या जवळजवळ तिप्पट. मग २०१८ ते २०२४ ती खासगी शाळेत सात हजारांवर शिकवत राहिली, कारण अनुभव सुटू नये आणि अभ्यास चालू राहावा. महिन्याला पाच हजारांचा फरक, सहा वर्षांचे ३ लाख ६० हजार. दोन्ही मिळून ६ लाख ४८ हजार. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १८ हजार मानधन आहे. तीन वर्षांचे किती? बरोबर ६ लाख ४८ हजार. म्हणजे एक पै न खर्चता सगळं मानधन बाजूला टाकलं, तर २०२४ मध्ये ती जिथे असायची तिथवर २०२७ मध्ये येते, आणि फी अजून उरतेच.

२०२३ च्या आधीची स्थिती तर याहून कठीण होती. शिक्षणसेवक योजना २००० सालची. वाढ होण्यापूर्वी कित्येक वर्षं प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ आणि कनिष्ठ महाविद्यालयाला नऊ हजार मिळत. आता ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. परजिल्ह्यात खोली घेऊन सहा हजारांत राहिलेले शिक्षक मला माहीत आहेत. घरून गहू-ज्वारी यायची म्हणून ते तगले.

तीन वर्षांनंतरचं चित्र मात्र चांगलं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. सातव्या वेतन आयोगात बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, डी.एड.वाल्या प्राथमिक शिक्षकाचं २९,२०० पासून. महागाई भत्ता धरला की माध्यमिकचा आकडा साठ हजारांच्या घरात जातो, घरभाडं वेगळं. तिथून पुढे आधीचा तोटा दीड-दोन वर्षांत भरून निघतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तरी आपल्या तालुक्याच्या गावात इतका स्थिर पगार देणारी दुसरी नोकरी सहसा मिळत नाही. म्हणूनच एवढी वाट बघायला लोक तयार होतात.

पण हा पगार पदवीमुळे मिळत नाही, पदामुळे मिळतो. आमच्याकडे एकाच शिक्षक खोलीत हे बघायला मिळतं. महिन्याच्या सुरुवातीला एकाच्या मोबाइलवर पूर्ण पगाराचा मेसेज येतो. त्याच्या शेजारी बसणारे सर टप्पा अनुदानावर आहेत, त्यांच्या तुकडीला चाळीस टक्के अनुदान आहे, म्हणून त्यांना पगाराचे चाळीस टक्के. तिसऱ्या मॅडम विनाअनुदानित तुकडीवर, त्यांना संस्था देईल ते, लिफाफ्यातून. चौथा मुलगा तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य. चौघांची पदवी एकच, तास तेवढेच, पेपर तपासायचे गठ्ठे तेवढेच, आणि इयत्ता दहावीचा निकाल लावायची जबाबदारीही तेवढीच. त्या दिवशी चहा कोण सांगणार हे न बोलता ठरलेलं असतं. लिफाफेवाल्या मॅडमनी एकदा हट्टाने स्वतः चहा सांगितला होता. तेव्हा कुणीही त्यांना अडवलं नाही, आणि मला तेच बरोबर वाटलं.

विनाअनुदानितवाल्यांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. अनुदान कधीच न मिळणाऱ्या शाळांच्या 'कायम विनाअनुदानित' या नावातला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला आणि हजारो जणांनी आशा धरली. वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के अशा टप्प्यांसाठी आझाद मैदानावर किती आंदोलनं झाली त्याला गणती नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराने असं पद मिळावं म्हणून रान विकून संस्थेला पैसे दिले. तो मुलगा आज चाळिशीत आहे, सुट्टीत शिकवण्या घेतो, आणि वर्गात उभा राहिला की मुलं हलत नाहीत, इतका चांगला शिकवतो. बी.एड.ची फी तो केव्हाच विसरला. रानाचे पैसे मात्र तो रोज मोजतो. पवित्र पोर्टलवर मुलाखतीशिवायची जी निवड होते, तिने ही देवघेव निदान तेवढ्या पदांपुरती संपवली. त्या पोर्टलला उशिराबद्दल कितीही बोल लावा, पण शेतमजुराची मुलगी नुसत्या गुणांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागते हे मी पाहिलं आहे, आणि त्यासाठी मला ते पोर्टल हवं आहे.

खासगी शाळा इतका कमी पगार का देऊ शकतात, यावर मी बराच विचार केला आहे. मुलीच्या घरचे म्हणतात, बी.एड. करून ठेवलेलं बरं, कुठे दिली तरी जवळच्या शाळेत लागेल. सासरचे म्हणतात, अर्ध्या दिवसाची नोकरी, मुलंही सांभाळून होतात. म्हणजे तिची कमाई घरात वरकड म्हणूनच धरली जाते, आणि हे संस्थेलाही पक्कं ठाऊक असतं. सात हजारांत पदवीधर, प्रशिक्षित बाई मिळते, कारण उरलेला पगार तिचा नवरा किंवा बाप दुसरीकडून भरत असतो. काही ठिकाणी तर पगार खात्यात पूर्ण जमा होतो आणि त्यातला मोठा भाग रोख परत द्यावा लागतो. ज्या घराला असा दुसरा पगार नाही, त्या घरातल्या मुलीला वाट बघणं परवडत नाही. ती मधेच सोडते, कपड्याच्या दुकानात लागते, आणि गुणवत्ता असूनही यादीत येत नाही. त्यामुळे शेवटी शिक्षक कोण होतं, हे पुष्कळदा घरची ऐपत ठरवते. शिक्षण खात्यातल्या कुणी हा हिशेब मांडलेला मला दिसला नाही.

वाटेत नियमही बदलतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड.च हवं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, त्यामुळे निर्णय मला पटतो, पण दोन्ही टप्पे खुले आहेत असं समजून बी.एड. केलेल्यांची अर्धी दारं त्या दिवशी मिटली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. पन्नाशीच्या शिक्षिका रात्री स्वयंपाक आवरून बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडताना मी बघते आहे. त्याआधी २०१९-२० च्या टीईटीतला गैरप्रकार उघड झाला आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्या गदारोळात प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडेही संशयाने बघितलं गेलं, याचं मोल कशात धरायचं?

मराठी शाळांचा पट कमी होतो आहे, हेही हिशेबात घ्यायलाच हवं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक पदं मिळणार याची मंजुरी, पटावर होते. पट घसरला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, आणि तेवढी नवी जागा कमी. भाषा आणि इतिहासवाल्यांना याचा फटका जास्त बसतो. गणित-विज्ञान आणि इंग्रजीला त्यातल्या त्यात मागणी आहे.

मग मी फोन करणाऱ्यांना काय सांगते? आधी विषय विचारते, मग घरी दुसरी कमाई आहे का ते विचारते. कॅपमधूनच प्रवेश घे, शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच महिन्यात भर, कॉलेजला रोज जा. टीईटीचा अभ्यास शेवटच्या वर्षातच सुरू कर, निकाल लागेपर्यंत थांबू नकोस. लहान मुलांची आवड असेल तर बारावीनंतरच डी.एल.एड.कडे वळलेलं चांगलं. संस्थेला एक रुपयाही द्यायचा नाही, कुणी कितीही 'अनुदान येणारच आहे' म्हणालं तरी. आणि किती वर्षं वाट बघायची ते आजच कागदावर लिही, घरच्यांना दाखव. दोन टेट द्यायच्या असं ठरवलंस तर दोनच. मधल्या काळात कमाईचं दुसरं काही शिकून घे, म्हणजे सात हजारांवर 'हो' म्हणायची वेळ येणार नाही.

आणि एक गोष्ट मी फोनवर सांगत नाही, कारण ती फोन करणाऱ्याच्या हातातली नाही. फी कमी करायला सरकारला पैसे लागतात, पद भरायलाही लागतात. पण दरवर्षी ठरलेल्या महिन्यात टेट घ्यायची, ठरलेल्या महिन्यात जिल्हावार रिक्त पदं जाहीर करायची, आणि ती किती विषयांची, किती माध्यमांची हे दोन वर्षं आधी सांगायचं, याला फारसे पैसे लागत नाहीत. केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, सीटीईटी, वर्षानुवर्षं होत आलीच आहे. २०१८ मध्ये पास झालेल्या त्या मुलीला पुढची परीक्षा २०२३ मध्ये आहे हे तेव्हाच कळलं असतं, तर तिने मधली पाच वर्षं सात हजारांत काढली नसती. तिने एम.एस्सी. केलं असतं, किंवा पतसंस्थेत नोकरी करून चार पैसे गाठीशी बांधले असते, आणि परीक्षेच्या सहा महिने आधी अभ्यासाला बसली असती. येत्या सीईटीच्या हंगामात नवे फोन येतील. त्यांच्या पुढच्या टेटची तारीख मला सांगता यावी, एवढीच माझी शिक्षण खात्याकडे मागणी आहे.